पडद्यावरची शिल्लक आणि खात्यातले पैसे
ऑनलाइन कॅसिनो किंवा पैशांच्या खेळात रक्कम अडकली, तर खातेदाराने काय करावे

मोबाइलवरच्या एखाद्या कॅसिनो ॲपमध्ये तुमच्या नावापुढे १,४२,००० रुपये दिसत आहेत. पैसे काढण्याचे बटण दाबले की उत्तर येते, 'प्रक्रिया सुरू आहे'. दोन दिवस जातात, आठवडा जातो. मग चॅटवर संदेश येतो: आधी ३० टक्के कर, म्हणजे ४२,६०० रुपये भरा, लगेच सगळी रक्कम खात्यात जमा होईल.

या टप्प्यावर पुष्कळ जण बँकेत येतात. काही जण ४२,६०० रुपये भरण्यासाठी मुदत ठेव मोडायला येतात, तर काही जण ते भरून झाल्यावर येतात. पहिल्या गटातल्या माणसाचे पैसे वाचवता येतात. दुसऱ्या गटातल्या माणसाचेही कधी कधी वाचतात, पण त्यासाठी कोणते दार आधी ठोठवायचे हे ठाऊक हवे आणि वेळ दवडता कामा नये. या लेखात तीच दारे क्रमाने दाखवली आहेत. कोणती दारे बंद आहेत, हेही सांगितले आहे, कारण बंद दारापुढे उभे राहण्यातच बहुतेकांचे महत्त्वाचे दिवस जातात.

आधी एक फरक समजून घ्या

तुमच्या बचत खात्यात १०,००० रुपये आहेत, याचा अर्थ बँक तुम्हाला १०,००० रुपये देणे लागते. ते मागण्याचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे. बँक बुडाली तरी ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे.

ॲपच्या वॉलेटमधल्या आकड्याला यातले काहीच लागू नाही. तो आकडा कंपनीने आपल्या संगणकावर लिहिलेला असतो. कंपनी खरी असेल तर तिच्या नियमांच्या अधीन राहून तो पैशांत बदलतो. कंपनी बनावट असेल तर तो केवळ तुम्हाला दाखवण्यासाठी लिहिलेला असतो. म्हणून हिशेब करताना दोन रकमा नेहमी वेगळ्या मांडा: तुमच्या बँक खात्यातून प्रत्यक्ष गेलेली रक्कम आणि ॲपमध्ये दिसणारी रक्कम. समजा, तुम्ही आतापर्यंत ५,००० रुपये भरले आणि ॲप १,४२,००० दाखवते. पोलीस, बँक किंवा न्यायालय यांच्यापुढे तुमचा दावा प्रामुख्याने त्या ५,००० रुपयांचा असतो. १,४२,००० च्या मागे लागून आणखी ४२,६०० घालवले, तर बुडालेली रक्कम ४७,६०० होते.

कायदा काय म्हणतो

ऑनलाइन गेमिंगच्या संवर्धन आणि नियमनासाठीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर या कायद्यात बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, याने फरक पडत नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बँका आणि पेमेंट कंपन्यांनी अशा खेळांचे व्यवहार करू देऊ नयेत, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. मात्र केवळ खेळणाऱ्यासाठी या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आहेत.

राज्यांचे कायदे यापेक्षा वेगळे असू शकतात. उदाहरणार्थ, तेलंगणाने २०१७ मध्ये आणि आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये आपापल्या जुगारविरोधी कायद्यांत ऑनलाइन खेळ आणले. गोव्यात बोटींवरचे आणि पंचतारांकित हॉटेलांतले कॅसिनो परवान्यावर चालतात, पण तो परवाना त्या जागेपुरता असतो. गोव्यातल्या एखाद्या कॅसिनोचे नाव आणि छायाचित्रे लावून मोबाइलवर पैसे घेणाऱ्या ॲपला त्या परवान्याचा आधार मिळत नाही.

दोन जुने नियमही माहीत असावेत. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य ठरतो. पैजेत जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून दिवाणी दावा लावून ती वसूल करता येत नाही. दुसरा नियम परकीय चलनाचा. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या २००० सालच्या नियमांनुसार लॉटरीची तिकिटे, स्वीपस्टेक आणि तत्सम गोष्टींसाठी परदेशी पैसे पाठवण्यास मनाई आहे. त्यामुळे परदेशातल्या कॅसिनोला बँकेमार्फत रीतसर पैसे पाठवता येत नाहीत. म्हणूनच अशी संकेतस्थळे तुम्हाला कुणातरी अनोळखी व्यक्तीचा यूपीआय आयडी किंवा बचत खाते क्रमांक देतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा. 'मी जिंकलो, मला द्या' या मुद्द्यावर लढण्याची जागा फार थोडी आहे. 'माझी फसवणूक झाली', 'व्यवहार अर्धवट राहिला' किंवा 'हा व्यवहार मी केलाच नाही' या मुद्द्यांवर मात्र दाद मागता येते. तुमचे प्रकरण कुठल्या प्रकारात बसते, ते आधी ठरवा.

प्रकार १: खात्यातून पैसे गेले, पण पलीकडे पोचले नाहीत

हा तांत्रिक बिघाड आहे आणि यात नियम तुमच्या बाजूने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयवरून व्यक्तीला पाठवलेली रक्कम तिच्या खात्यात जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत यायला हवी. व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय पेमेंटची खात्री पलीकडे मिळाली नाही, तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे आणि ती मागावी लागत नाही, बँकेने स्वतःहून द्यायची असते.

पण आधी व्यवहाराची स्थिती पाहा. यूपीआय ॲपमध्ये व्यवहार 'यशस्वी' दिसत असेल आणि तरीही कॅसिनो म्हणत असेल की पैसे मिळाले नाहीत, तर पैसे कुणाच्या तरी खात्यात पोचलेले आहेत. मग तो बिघाड राहत नाही. 'पहिले पेमेंट अडकले, पुन्हा पाठवा' हे वाक्य अशा वेळी हमखास येते. पुन्हा पाठवू नका. यूपीआय ॲपमधल्या त्या व्यवहाराखालीच तक्रार नोंदवा आणि बँकेला १२ अंकी यूटीआर क्रमांक द्या.

प्रकार २: व्यवहार तुम्ही केलाच नाही

कॅसिनोवर एकदा कार्ड वापरले आणि नंतर तुमच्या नकळत त्यातून पैसे जाऊ लागले, किंवा ॲपने तुमच्या फोनचा ताबा घेतला, तर हा अनधिकृत व्यवहार आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचे सूत्र सरळ आहे. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, अशा प्रकरणात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर ती मर्यादित. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून नेमके काय घडले हे उलगडत बसण्याआधी कार्ड आणि यूपीआय बंद करा, मग विचार करा.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. स्वतः पिन टाकून केलेला व्यवहार 'मी केलाच नाही' असे सांगून परत मिळवण्याचा सल्ला काही जण देतात. कुठल्या फोनवरून, किती वाजता, कुठल्या पिनने व्यवहार झाला याची नोंद बँकेकडे असते. खोटे उघडे पडले की तुमची खरी तक्रारही कुणी मानत नाही.

कार्डाने पैसे भरले असतील, तर चार्जबॅक नावाची सोय असते. बँक कार्ड कंपनीमार्फत व्यापाऱ्याच्या बँकेकडे रक्कम परत मागते. तिला मुदत असते, त्यामुळे तक्रार लवकर द्यावी लागते. चार्जबॅक दोनदा कापलेल्या रकमेसाठी किंवा अनधिकृत व्यवहारासाठी उपयोगी पडते. खेळात हरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी ती नसते.

प्रकार ३: बंद झालेल्या भारतीय कंपनीकडे शिल्लक राहिली

ऑगस्ट २०२५ नंतर अनेक मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैसे लावण्याचे खेळ थांबवले आणि ग्राहकांना आपली शिल्लक काढता येईल असे जाहीर केले. अशा कंपनीकडे रक्कम उरली असेल, तर मूळ ॲपमध्ये किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊनच ती काढा. केवायसीतले नाव आणि बँक खात्यातले नाव एकच आहे ना, हे आधी तपासा. ॲपमध्ये 'सुरेश बी. पाटील' आणि पासबुकात 'पाटील सुरेश भाऊराव' एवढ्या फरकानेही रक्कम अडते. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते.

या निमित्ताने 'जुन्या गेमची शिल्लक परत देतो' असे सांगणारे फोन येऊ शकतात. पैसे परत घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

प्रकार ४: परदेशी संकेतस्थळ पैसे रोखून धरते

इथे बहुधा तीन कारणे सांगितली जातात. पहिले, केवायसी अपूर्ण. दुसरे, नियमभंग. तिसरे, बोनसची अट पूर्ण झालेली नाही. तिसऱ्या कारणाचा हिशेब एकदा करून पाहा. ५,००० रुपयांचा बोनस मिळाला आणि अट ४० पटींची आहे, म्हणजे पैसे काढण्याआधी २,००,००० रुपयांचे डाव खेळावे लागतील. एका शून्याच्या रूलेट चक्रात ३७ घरे असतात, पण जिंकणाऱ्याला पैसे ३६ घरे असल्याच्या हिशेबाने मिळतात. त्यामुळे लावलेल्या रकमेतून सरासरी २.७ टक्के कॅसिनोकडे जातात. २,००,००० वर ते सुमारे ५,४०० रुपये होतात. म्हणजे ५,००० चा बोनस सोडवताना सरासरी ५,४०० जातात. हे सगळे नियमांत लिहिलेले असते आणि तुम्ही 'मान्य आहे' वर बोट ठेवलेले असते.

अशा संकेतस्थळाच्या तळाशी बहुधा कुरासाव, माल्टा किंवा एखाद्या बेटाच्या परवान्याचे चिन्ह असते. चिन्ह हे फक्त चित्र आहे. परवाना देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत त्या कंपनीचे नाव आणि नेमका तोच पत्ता आहे का, ते पाहायचे असते. परवाना खरा निघाला तरी तो भारतात खेळ चालवण्याची परवानगी देत नाही. ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपनीने ग्राहकाची तक्रार आठ आठवड्यांत निकाली काढावी लागते, आणि तसे झाले नाही तर ग्राहकाला विनामूल्य तटस्थ लवादसंस्थेकडे जाता येते. तिथे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकाने सांगितलेला हा मार्ग त्याच्यासाठी बरोबर आहे. भारतातून एखाद्या बेटावरच्या परवान्याच्या संकेतस्थळावर पैसे भरणाऱ्याला तो मिळत नाही.

मग करायचे काय? एकच सविस्तर ईमेल पाठवा: खाते क्रमांक, भरलेल्या रकमा, काढण्याची मागणी केल्याची तारीख, कोणत्या नियमाखाली रक्कम रोखली याचे लेखी उत्तर आणि उत्तराची मुदत. परवाना यादीत खरा असेल, तर तोच मजकूर परवाना देणाऱ्या संस्थेला पाठवा. त्यानंतर आणखी एक रुपयाही भरू नका. चॅटवर तासन्‌तास घालवू नका. बोलणे चालू ठेवण्यात फायदा त्यांचा असतो.

प्रकार ५: आधी पैसे भरा, मग पैसे मिळतील

लेखाच्या सुरुवातीचे उदाहरण या प्रकारातले आहे. नाव बदलत राहते: कर, जीएसटी, केवायसी शुल्क, खाते पडताळणी, मनी लाँडरिंग तपासणी, 'व्हीआयपी स्तर'. युक्ती एकच. एक भरले की दुसरे निघते.

कराबाबत नेमकी माहिती अशी. ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस कापण्याची तरतूद १ एप्रिल २०२३ पासून आहे. तो कापायचा असतो, म्हणजे देणारा तुमच्या रकमेतून तेवढे वजा करतो आणि उरलेली रक्कम देतो. १,००,००० निव्वळ जिंकले, तर ३०,००० कापून ७०,००० मिळतात, आणि कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर फॉर्म २६एएसमध्ये दिसते. तुमच्याकडून आधी वेगळा भरणा करून घ्यायची पद्धत टीडीएसमध्ये नाहीच. आयकर विभाग कुणा व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर कर घेत नाही. असा संदेश आला की ओळखा: पडद्यावरची रक्कम खोटी आहे. मुदत ठेव मोडू नका, सोने गहाण ठेवू नका.

पैसे गेले असतील तर पहिला तास

फसवणुकीच्या प्रकरणात पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झपाट्याने जातात. ते कुठल्यातरी खात्यात असेपर्यंतच रोखता येतात. म्हणून क्रम असा ठेवा.

१. १९३० वर फोन करा. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, क्रमांक एकच. बँकेचे नाव, खाते क्रमांक, यूटीआर, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

२. बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर कळवा आणि यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग तात्पुरते बंद करा. शाखा बंद असली तरी हे करता येते. सकाळपर्यंत थांबू नका.

३. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संपूर्ण तक्रार पुरावे जोडून भरा.

४. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

अर्ज लांब नको. असा पुरे:

'माझ्या खाते क्रमांक ____ मधून दि. ____ रोजी ____ वाजता ____ रुपये ____ या यूपीआय आयडीवर गेले. यूटीआर क्रमांक ____. हा व्यवहार मी स्वतः केला. परंतु जिंकलेली रक्कम देण्यापूर्वी कर भरावा लागेल असे खोटे सांगून ही रक्कम माझ्याकडून घेण्यात आली. १९३० वरील तक्रारीचा क्रमांक ____ आहे. लाभार्थी बँकेला कळवून रक्कम रोखण्याबाबत कार्यवाही करावी आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी द्यावी.'

सोबत जोडायचे पुरावे: खाते उतारा, व्यवहारांचे स्क्रीनशॉट, चॅटचा पूर्ण मजकूर, ॲपची लिंक, टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवरचा क्रमांक, वॉलेटमधल्या रकमेचे चित्र. रागाच्या भरात ॲप काढून टाकू नका आणि चॅट पुसू नका. आधी सगळे जपून घ्या.

'जुगार खेळलो हे कसे सांगू?' या लाजेने अनेक जण तक्रारच करत नाहीत, आणि समोरच्याला नेमके तेच हवे असते. तक्रारीत खरे तेच लिहा. रक्कम मोठी असेल किंवा तुमच्या राज्यातल्या कायद्याची शंका असेल, तर वकिलाचा सल्ला घ्या. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे.

बँक काय करू शकते आणि काय नाही

बँक तुमचे कार्ड थांबवू शकते, लाभार्थी बँकेला कळवू शकते, चार्जबॅक मागू शकते, चौकशीसाठी नोंदी देऊ शकते. तुम्ही स्वतः मंजूर केलेली रक्कम पलीकडच्या खात्यातून परस्पर उचलून आणण्याचा अधिकार बँकेला नाही. ती रोखलेली रक्कम तुम्हाला मिळायची असेल, तर पोलीस आणि न्यायालय यांच्यामार्फतच मिळते.

बँकेने तुमच्या तक्रारीकडे दुर्लक्ष केले, ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ही सेवा विनामूल्य आहे, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र लोकपाल बँकेच्या सेवेतली त्रुटी पाहतात. कॅसिनोने पैसे दिले नाहीत, ही तक्रार त्यांच्याकडे चालत नाही. 'मी १९३० चा क्रमांक देऊनही बँकेने तीन दिवस काहीच केले नाही', ही तक्रार चालते.

पैसे मिळाले, तरी अडचण येऊ शकते

काही वेळा परदेशी संकेतस्थळ खरोखर पैसे पाठवते आणि त्रास तिथून सुरू होतो. ते पैसे कंपनीच्या खात्यातून न येता कुणा तिसऱ्याच माणसाच्या बचत खात्यातून येतात. अनेकदा ते दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीतून आलेले असतात. त्या माणसाने १९३० वर तक्रार केली की साखळीतली सगळी खाती तपासात येतात आणि इंदूरमधल्या खातेदाराचे खाते दूरच्या राज्यातल्या पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून गोठते. आलेले असतात ३,००० रुपये, पण त्याच खात्यात पगार, घराचा हप्ता आणि मुलांची फी असते.

असे झाले, तर बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, कुठले पोलीस ठाणे आणि वादातली नेमकी रक्कम. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल करा. खाते उतारा, पगाराची पावती आणि ती रक्कम कशी आली याचा खरा खुलासा द्या, आणि केवळ वादातल्या रकमेवर रोख ठेवून बाकीचे खाते खुले करावे, अशी विनंती करा. जप्तीचा अधिकार पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली आहे, आणि रक्कम सोडवण्यासाठी कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. शाखेतल्या कर्मचाऱ्याशी भांडून खाते उघडत नाही, कारण तो आदेश आमच्याकडून निघालेला नसतो.

याच साखळीचे दुसरे टोक त्याहून धोक्याचे आहे. 'तुमचे खाते वापरायला द्या, महिन्याला अमुक रुपये' असे कुणी सांगितले तर नकार द्या. खाते भाड्याने देणारा फसवणुकीतला आरोपी ठरू शकतो.

'बुडालेले पैसे मिळवून देतो' म्हणणारे

फसवणुकीनंतर काही आठवड्यांनी एखादा फोन येतो. बोलणारा स्वतःला सायबर अधिकारी, वकील किंवा हॅकर म्हणवतो. तुमची रक्कम, ॲपचे नाव, तारीख सगळे त्याला ठाऊक असते. साहजिकच आहे, बहुधा पहिल्याच टोळीने ती यादी त्याला दिलेली असते. तो 'प्रक्रिया शुल्क' मागतो. १९३०, पोलीस, बँक, लोकपाल यांपैकी कुणीही पैसे मिळवून देण्यासाठी शुल्क घेत नाही. शुल्क मागितले की फोन ठेवा.

आज घरी बसून करण्यासारखे

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार स्वतंत्रपणे बंद करता येतात. ते करा आणि यूपीआयची रोजची मर्यादा गरजेपुरती ठेवा. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे यादीत अनोळखी नाव दिसले तर रद्द करा. अशा ॲपला आधार, पॅन दिले असतील, तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा आणि क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मिळणारा मोफत अहवाल मागवून आपल्या नावाने कुणी कर्ज काढले आहे का ते तपासा.

आणि घरात बोला. मुलाच्या फोनवर असे ॲप दिसले, किंवा पतीने एकाएकी ठेव मोडायचे काढले, तर हिशेब विचारण्याआधी जेवलास का, असे विचारा. हरलेले पैसे पुन्हा खेळूनच परत मिळतील, या विचारात माणूस एकटा पडतो आणि कर्ज वाढत जाते. झोप उडाली असेल, मन फार खचले असेल, तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आमच्या काउंटरवर कुणी ठेव मोडायला आला आणि आम्ही 'कशासाठी?' असे विचारले, तर राग मानू नका. उत्तर 'कर भरायचा आहे, मग मोठी रक्कम मिळणार आहे' असे असेल, तर पाच मिनिटे बसा आणि तो संदेश आम्हाला दाखवा. ठेव उद्याही मोडता येते. पाठवलेले पैसे मात्र उद्यापर्यंत वाट पाहत नाहीत.